प्राण्याला विचारलेला प्रश्न

२०२१ च्या उन्हाळ्यात जाफराबादला लसीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर शेतकरी उभे होते. रांग हलत नव्हती, ऊन चढत होते. मी कॉलेजात शिकवतो हे त्यांना ठाऊक असावे. वळून त्यांनी विचारले, "सर, पावसाळ्याच्या तोंडी आपण ढोरांना घटसर्पाची, फऱ्याची लस टोचून घेतो. ती ढोरांसाठीच बनवलेली अन् ढोरांवरच पारखलेली. मग ही माणसांची लस आधी कोणावर पारखली?" मी म्हणालो, उंदरांवर, माकडांवर. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "उंदराला मानवली ती मला मानवंल, हे कशावरून?"

मी प्राणिशास्त्र शिकवतो. तरीही त्या दिवशी मी दिलेले उत्तर अर्धवट होते, आणि ते अर्धवट आहे हे बोलता बोलताच मला कळत होते. त्यांचा प्रश्न मात्र पुरा होता. या शाखेतले जगभरचे संशोधक आयुष्यभर जो प्रश्न सोडवत बसतात, तोच प्रश्न केळणा-पूर्णेच्या काठावरच्या एका माणसाने दोन वाक्यांत मांडला होता. पुढची काही वर्षे मी त्याच्या मागे वाचत राहिलो, वर्गात बोलत राहिलो. त्या बोलण्याचे हे पुस्तक झाले आहे.

श्वसनमार्गाच्या विषाणूंविरुद्धच्या एमआरएनए लसी माणसाच्या दंडापर्यंत येण्याआधी प्राण्यांमध्ये कशा तपासल्या जातात, हा या पुस्तकाचा विषय. शास्त्रज्ञ या टप्प्याला प्रीक्लिनिकल म्हणतात. हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे, म्हणून मीही तोच ठेवला. वाचकाने पुस्तकात शिरण्याआधी एकच गोष्ट मनाशी धरावी. "ही लस माणसाला लागू पडेल का?" एवढा मोठा प्रश्न कोणत्याही एका प्राण्याला विचारता येत नाही. प्रत्येक प्राण्याला एखादाच लहान आणि नेमका प्रश्न विचारता येतो. कोणाला काय विचारायचे आणि मिळालेले उत्तर कुठवर ताणायचे, हे जाणणे म्हणजेच ही विद्या. बाकी सगळे हात बसण्याचा भाग आहे, तो सरावाने येतो.

आधी लसीविषयी थोडे. आपल्याकडे जमिनीची मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात राहते आणि कामाला लागतो तो सातबाराचा उतारा. पेशीतही असेच चालते. डीएनए केंद्रकात जागेवर राहतो, आणि हव्या त्या प्रथिनापुरता उतारा काढून बाहेर पाठवला जातो. हा उतारा म्हणजे एमआरएनए. पेशीतली यंत्रणा तो वाचते, प्रथिन बनवते, आणि काही वेळाने उतारा विरघळून जातो. एमआरएनए लसीत विषाणूच्या एका प्रथिनाचा उतारा बाहेरून बनवून मेदाच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळून स्नायूत टोचतात. करोना विषाणूच्या बाबतीत ते प्रथिन म्हणजे त्याच्या अंगावरचा काटा, स्पाइक. आपल्याच पेशी काही काळ तो काटा बनवतात, आणि शरीर त्याला ओळखायला शिकते. मूळ दप्तराला कोणी हात लावत नाही.

ही कल्पना २०२० साली एका रात्रीत सुचली, असा समज अजूनही आहे, पण तो खरा नाही. १९९० मध्ये अमेरिकेत जॉन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसता आरएनए टोचला आणि स्नायूने त्यातले प्रथिन बनवले. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या गटाने फ्लूच्या प्रथिनाचा एमआरएनए मेदाच्या थैल्यांत घालून उंदरांना दिला आणि विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी जाग्या झाल्या. अडचण वेगळीच होती. बाहेरून आलेला आरएनए पाहून शरीर खवळून उठे. २००५ मध्ये कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी दाखवले की आरएनएतले एक अक्षर किंचित बदलले की हा क्षोभ ओसरतो. पुढे उंदरांत असा बदललेला आरएनए जास्त काळ टिकून जास्त प्रथिन देतो हेही दिसले. २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले ते या कामासाठी. २०१२ मध्ये फ्लूविरुद्धच्या एमआरएनए लसी उंदीर, फेरेट आणि डुक्कर अशा तिन्हींत तपासून झाल्या होत्या. म्हणजे करोना आला तेव्हा या लसीच्या मागे तीस वर्षांचे प्राणिप्रयोग उभे होते. 

आता प्राण्यांकडे येऊ. उंदीर हा पहिला, कारण तो स्वस्त, लवकर वाढणारा, आणि त्याची प्रतिकारशक्ती मोजण्याची साधने सगळ्यात जास्त उपलब्ध. पण २०२० मध्ये एक पंचाईत झाली. करोनाचा मूळ विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि उंदराचे एसीई-२ त्याला धरताच येत नव्हते. साधा उंदीर आजारीच पडेना. जो आजारी पडत नाही त्याला लसीने वाचवले असे म्हणणार कसे? मग दोन वाटा काढल्या गेल्या. एक, माणसाचे एसीई-२ अंगी असलेला उंदीर. सार्सच्या साथीनंतर २००७ मध्येच असा एक वाण तयार झाला होता, तो पुन्हा वाढवला गेला. दुसरी वाट, विषाणूलाच उंदरात मुरवून घेणे.

पहिल्या वाटेत एक खाच आहे आणि ती विद्यार्थ्यांनी जरूर पाहावी. त्या वाणाच्या उंदरांत विषाणू मेंदूतही पसरतो, आणि अनेक उंदीर मरतात ते त्यामुळे. तेव्हा "लसीने सगळे उंदीर जगले" असे वाक्य वाचले की विचारावे, त्यांना नेमके कशापासून वाचवले? माणूस करोनाने मरतो तो बहुधा फुफ्फुस निकामी होऊन. उंदीर जगला ही गोष्ट खरी, पण ती माणसाच्या फुफ्फुसाविषयी जेवढे सांगते असे वाटते, तेवढे सांगत नाही.

मात्रेचा हिशेबही इथेच समजून घ्यावा. मॉडर्ना कंपनीच्या करोनावरच्या एमआरएनए लसीच्या पहिल्या प्रयोगांत उंदराला १ मायक्रोग्रॅमची मात्रा दिली होती, माणसाला पुढे १०० मायक्रोग्रॅम. वरवर पाहता माणसाची मात्रा शंभरपट. पण उंदराचे वजन धरा २० ग्रॅम आणि माणसाचे ६० किलो, आणि किलोमागे हिशेब करा. उंदराला माणसाच्या तीसपट मिळाले! माझ्या वर्गात या गणिताशी दर वर्षी मुले थबकतात, आणि थबकावेच. लसीची मात्रा तापाच्या गोळीसारखी वजनावर ठरत नाही. उंदरातून मात्रेचा आकडा उचलून माणसाला लावता येत नाही. उंदीर सांगतो ते इतकेच, की मात्रा वाढवली की प्रतिसाद कसा चढतो आणि कुठे थांबतो.

हॅमस्टरला विषाणू सहज लागतो. सीरियन सोनेरी हॅमस्टर आठवडाभर वजन गमावतो, त्याच्या फुफ्फुसात न्यूमोनिया दिसतो, आणि दोन आठवड्यांत तो सावरतो. म्हणून लसीने फुफ्फुस राखले का, हा प्रश्न त्याला विचारावा. पण त्याच्या टी-पेशी मोजायची साधने तोकडी, म्हणून तो प्रश्न त्याला विचारू नये. साधा तराजू आणि काचपट्टीवरचा फुफ्फुसाचा काप, यांच्यावर हॅमस्टरचा अभ्यास उभा असतो.

माकड आपल्या सर्वांत जवळचे, सर्वांत महाग, आणि मनाला सर्वांत जड. मॉडर्नाच्या लसीचा ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास जुलै २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. एकूण २४ माकडे. आठांना १० मायक्रोग्रॅम, आठांना १०० मायक्रोग्रॅम, आठांना लस नाही. चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि दुसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी नाकातून व श्वासनलिकेतून मुद्दाम विषाणू दिला. संशोधक याला चॅलेंज म्हणतात. दोन दिवसांनी पाहिले तर लस दिलेल्या प्रत्येक गटातल्या आठांपैकी सात माकडांच्या फुफ्फुसाच्या द्रवात वाढता विषाणू सापडेना, आणि मोठ्या मात्रेच्या गटात तर एकाही नाकात सापडेना.

हे शेवटचे वाक्य वाचून अनेकांनी मानले की ही लस संसर्गच थांबवणार. पुढे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले: लस घेतलेल्यांनाही सर्दी-ताप आला, पण आजार गंभीर होण्याचे प्रमाण खूप घटले. मग माकडांनी चुकीचे सांगितले का? माझे मत ठाम आहे, माकडांनी बरोबर सांगितले. त्यांना विचारले होते ते असे: प्रतिपिंडे ऐन भरात असताना, दुसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी, जो काटा लसीत आहे जवळपास त्याच काट्याचा विषाणू आला तर काय होते? त्याचे उत्तर त्यांनी दिले. सहा-आठ महिन्यांनी, बदललेला विषाणू आला तर काय, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. उत्तर आपण ताणले. या पुस्तकाचे तिसरे प्रकरण सगळे याच ताणण्याविषयी आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने एकच प्रकरण वाचायचे ठरवले तर ते वाचावे असे मी म्हणेन.

पण हा सगळा खटाटोप कशाला, थेट स्वयंसेवकांवरच का जाऊ नये? याचे उत्तर एका दुःखद घटनेत आहे. लहान बाळांच्या छातीला धरणारा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. गावाकडे बाळाला धाप लागली, बरगड्या ओढल्या जाऊ लागल्या की आपण त्याला डबा किंवा न्यूमोनिया म्हणतो. त्यातल्या कितीतरी बाळांच्या मागे हा विषाणू असतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस तान्ह्या मुलांना देऊन पाहिली गेली. हिवाळ्यात साथ आली. लस घेतलेल्यांपैकी ज्यांना संसर्ग झाला त्यांतली ८० टक्के मुले रुग्णालयात दाखल करावी लागली, लस न घेतलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. लस घेतलेली दोन बाळे दगावली. लसीने राखण करायची ती सोडून आजार वाढवला होता.

असे का झाले, हे कळायला अनेक वर्षे गेली, आणि कळले ते प्राण्यांमुळे. कापसाच्या शेतांवरून नाव पडलेला अमेरिकेतला एक उंदीर आहे, कॉटन रॅट. त्याला तीच लस देऊन मग विषाणू दिला तेव्हा त्याच्या फुफ्फुसात तसाच बिघाड उमटला. मग एकेक धागा हाती लागला. त्या लसीने उठवलेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत, पण त्याला निकामी करत नसत. शिवाय शरीराचा प्रतिसाद ॲलर्जीच्या अंगाने वळला होता. निकामी न करणारी प्रतिपिंडे का? कारण विषाणूचे प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असते आणि शिरताना दुसऱ्या आकारात उलटते, आणि त्या लसीत होते ते बहुतेक उलटलेल्या आकारातले. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी आरएसव्हीचे ते प्रथिन मूळ आकारात खिळवून दाखवले. हीच युक्ती पुढे मर्स विषाणूच्या काट्यावर वापरली गेली, आणि २०२० मध्ये मर्सप्रमाणेच दोन जागी प्रोलीन नावाची अमिनो आम्ले बसवून करोनाच्या काट्याचा आकार स्थिर केला गेला. मॉडर्ना आणि फायझर, दोघांच्या लसींत हा खिळवलेला काटा आहे. मे २०२४ मध्ये आरएसव्हीविरुद्धच्या एमआरएनए लसीला अमेरिकेत साठ वर्षांवरील लोकांसाठी मान्यता मिळाली. दोन बाळांच्या मृत्यूपासून तिथपर्यंत यायला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे लागली.

म्हणून श्वसनमार्गाच्या विषाणूवरची कोणतीही नवी लस प्राण्यांत तपासताना दोन प्रश्न चुकवता येत नाहीत. राखण होते का, हा एक. आजार वाढत तर नाही ना, हा दुसरा. दुसरा विचारण्याची रीत मला फार शहाणपणाची वाटते. काही उंदरांना जाणूनबुजून अपुरी मात्रा देतात, जेणेकरून प्रतिकार अर्धवट उठावा, आणि मग विषाणू देतात. भरपूर लस दिलेल्या उंदरात धोका लपून राहू शकतो. तो उघडा पडतो अर्धवट राखण असलेल्या उंदरात. मॉडर्नाच्या अभ्यासात अशा गटांतही फुफ्फुसाचा आजार वाढलेला दिसला नाही, आणि प्रतिसादाचा कलही ॲलर्जीच्या बाजूला नव्हता. चांगला शेतकरी विहिरीचे पाणी श्रावणात जोखत नाही, वैशाखात जोखतो.

आता आपल्या घराजवळचे. लसीच्या प्राणिपरीक्षेचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत प्लेगची लस बनवली, आधी सशांवर पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती त्याच कामाची पुढची शाखा. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ ची, रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने सुरू झालेली. देशातली सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा २०१२ मध्ये तिच्याच पाषाणच्या आवारात सुरू झाली.

२०२० च्या टाळेबंदीत लस तपासायला लागणाऱ्या माकडांचा प्रश्न पुण्याच्या या संस्थेपुढे उभा राहिला. देशात प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हीसस माकडे मिळेनात. रस्ते ओस, माणसे घरात, त्यामुळे खायला मिळत नाही म्हणून माकडेही वस्त्यांजवळून पांगलेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात हा शोध सांगितला आहे. अखेर वनखात्याच्या मदतीने नागपूर भागात माकडे मिळाली. वीस माकडे, पाचपाचांचे चार गट. तीन गटांना लसीचे तीन प्रकार, एकाला नुसते द्रावण. दोन डोस चौदा दिवसांच्या अंतराने, आणि त्यानंतर चौदा दिवसांनी विषाणू. सातव्या दिवशी लस दिलेल्या गटांच्या नाकातून, घशातून, फुफ्फुसातून विषाणू नाहीसा झालेला होता आणि न्यूमोनिया नव्हता. लस न दिलेल्या गटात तो होता. ही लस म्हणजे कोव्हॅक्सिन. ती एमआरएनए लस नव्हे, मारलेल्या विषाणूची आहे. तरी या पुस्तकात तिला जागा दिली, कारण प्राण्यांचा अभ्यास कसा मांडावा याचा हा आपल्या मातीतला धडा आहे, आणि वर सांगितलेल्या मॉडर्नाच्या अभ्यासाशेजारी ठेवून वाचला की दोघांचेही बळ आणि मर्यादा लख्ख दिसतात.

एमआरएनए लसही पुण्यातच झाली. हिंजवडीच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने एचजीसीओ-१९ नावाची लस हाती घेतली. सुरुवात सिएटलच्या एचडीटी बायोटेक कंपनीच्या सहकार्याने झाली. हिचा उतारा साधा नव्हता. पेशीत गेल्यावर तो स्वतःच्या प्रती काढतो, म्हणून थोडक्या आरएनएत काम भागावे अशी अपेक्षा. सिएटलच्या गटाने या जातीची लस उंदीर आणि आखूड शेपटीच्या माकडांत तपासून जुलै २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात दोन महिन्यांचे, आठ महिन्यांचे आणि सतरा महिन्यांचे उंदीर मुद्दाम घेतले होते. सतरा महिन्यांचा उंदीर म्हणजे म्हातारा उंदीर. करोनाने आपल्याकडची वयस्कर माणसेच जास्त नेली, मग कोवळ्या उंदरांवरच लस तपासून कसे भागेल? कृंतक, म्हणजे उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी, आणि माकडे यांच्यातली सुरक्षितता व प्रतिपिंडे पाहून डिसेंबर २०२० मध्ये जिनोव्हाला मानवी चाचणीची परवानगी मिळाली. जून २०२२ मध्ये याच लसीला जेमकोव्हॅक-१९ या नावाने आपत्कालीन वापरासाठी मान्यता मिळाली; भारतात बनलेली ती पहिली एमआरएनए लस. वर्षभराने ओमायक्रॉनसाठीची, सुईशिवाय त्वचेत देता येणारी आवृत्तीही आली.

या लसीतली जी गोष्ट जाफराबादच्या माणसाला सर्वांत जवळची वाटावी ती प्रयोगशाळेबाहेरची आहे. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते ते बर्फाच्या अस्तराचे फ्रीज, २ ते ८ अंशांचे, आणि उपकेंद्रावर सिस्टर लस नेतात ती बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून. वीज कधी जाते आणि कधी येते हे आपल्याला ठाऊकच आहे. जिनोव्हाने लस गोठवून सुकवली, भुकटी केली, म्हणून ती २ ते ८ अंशांत राहू शकते. आता प्राण्यांच्या अभ्यासाशी याचा संबंध पाहा. सुकवताना मेदकण फुटले, आरएनए तुटला, तर लस वायाच गेली. म्हणून सुकवून पुन्हा पाण्यात मिसळलेली लस आणि ताजी लस, दोन्ही उंदरांना देऊन प्रतिपिंडे सारखी उठतात का, हे पाहावे लागते. उंदराला विचारता येणारा हा अगदी उत्तम प्रश्न. उंदराचे उत्तर इथे पुरते, ताणावे लागत नाही. आपल्या उपकेंद्रावरच्या डब्यापर्यंत पोचायचे तर वाट अशी उंदराच्या पिंजऱ्यावरून जाते.

प्राण्यांच्या वेदनेविषयी बोलल्याशिवाय हे पुस्तक पुढे नेणे मला योग्य वाटले नाही. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारी माणसे. ज्याच्या कष्टावर आपण जगतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही आपली रीत. पिंजऱ्यातल्या उंदराला असा सण नाही. त्याच्या वाट्याला नियम तरी चोख यावेत. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राणिप्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि १९९८ पासून तपशीलवार नियम आहेत. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते, तिच्यात पशुवैद्यक हवा, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ हवा, आणि शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असलेला एक सदस्यही हवा. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या घालून दिल्या: प्राण्याऐवजी दुसरे काही चालेल का, कमीत कमी किती प्राण्यांत भागेल, आणि त्यांचा त्रास कसा घटवता येईल. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडच्या औषध चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव, चिपवरची ऊती अशा पद्धतींनाही मान्यता मिळाली. मी या बदलाच्या बाजूने आहे. पण संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती, प्लीहा, लसिकाग्रंथी, फुफ्फुस यांचे एकमेकांशी चाललेले बोलणे आज तरी काचेच्या बशीत उभे करता येत नाही. तोवर प्राणी लागतील. लागतील तेवढेच घ्यावेत, आणि घेतलेल्या एकाही जिवाचे उत्तर वाया जाऊ देऊ नये.

कारण प्रयोग नीट मांडला नाही तर ते वाया जाते. कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नाही, काप पाहणाऱ्याला गट आधीच माहीत असला, किंवा लस न दिलेला गटच नसला, तर त्या उंदरांचा जीव फुकट गेला असे मी म्हणतो. याहून मोठी क्रूरता मला दिसत नाही. संख्या फार लहान ठेवणे हीसुद्धा दया नव्हे. उत्तरच मिळाले नाही तर दोनदा प्राणी लागतात. पुस्तकातली संख्याशास्त्राची दोन प्रकरणे कंटाळवाणी म्हणून वगळू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. दया कुठे लागते आणि कुठे चुकते, हे त्या आकडेमोडीतच कळते.

वेळेविषयीही एक स्पष्टीकरण द्यायला हवे, कारण गावात हा आक्षेप मी फार वेळा ऐकला: "प्राण्यांवर पूर्ण न पाहताच माणसांना टोचली." जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात विषाणूचा अनुक्रम जाहीर झाला आणि १६ मार्चला सिएटलमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला मॉडर्नाची लस टोचली गेली. माकडांचा अहवाल त्यानंतर आला, हे खरे आहे आणि लपवण्यासारखे नाही. पण याच पद्धतीच्या, म्हणजे तोच मेदकण आणि उतारा मात्र वेगळा, अशा लसींचे विषारीपणाचे अभ्यास आधी झालेले होते, आणि मर्सच्या काट्यावरचे कामही हाताशी होते. पहिल्या टप्प्यात मोजक्या निरोगी प्रौढांना लस दिली गेली. तीस हजार लोकांची मोठी चाचणी सुरू झाली ती २७ जुलैला, तोवर माकडांचे निकाल हाती आले होते. टप्पे गाळले नाहीत, एकमेकांशेजारी चालवले. हे सदासर्वकाळ करावे का? माझ्या मते नाही. साथ दाराशी उभी असताना आणि मागे तीस वर्षांचे काम असतानाच ते शोभते. नव्या, अनोळखी पद्धतीच्या लसीला ही सवलत देऊ नये.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या शाखेत यायला पुण्या-मुंबईत जन्म घ्यावा लागत नाही. मराठवाड्यातल्या मुलांना पशूंची जाण शिकवावी लागत नाही, ती घरातून येते. गाय चारा टाकते कधी, बैलाची चाल बिघडते कशी, वासरू मलूल झाले हे ताप मोजण्याआधी कसे कळते, हे ज्याला ठाऊक आहे तो हॅमस्टरच्या पिंजऱ्यापुढे परका राहणार नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीची लस का दिली, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी विचारला होता. एका प्राण्यासाठीची लस दुसऱ्याला कुठवर चालते, हाच तो प्रश्न, फक्त दिशा निराळी. तो विचारलात तेव्हाच तुम्ही या विषयाच्या उंबऱ्यात आला होता. जीवशास्त्र, पशुवैद्यक, औषधनिर्माण, संख्याशास्त्र, कोणत्याही दाराने आत या. गणित कच्चे असेल तर त्याची भीती बाळगू नका, पण ते कच्चे ठेवूही नका.

जे संशोधक होणार नाहीत त्यांच्यासाठीही हे पुस्तक आहे. आशाताई, शिक्षक, पत्रकार, ग्रामपंचायतीचे सदस्य, यांना पुढच्या साथीत लोक पुन्हा तेच विचारतील. तेव्हा "शास्त्रज्ञांनी सांगितले आहे" एवढ्यावर भागवू नका. कोणत्या प्राण्याला, किती जणांना, काय विचारले आणि त्याने काय सांगितले, हे चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. त्यासाठी लागेल ते सगळे मी इथे मराठीत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कुठे चुकलो असेन तर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

रांगेतल्या त्या गृहस्थांनी त्या दिवशी लस घेतली. अर्धवट उत्तरावर विश्वास ठेवून घेतली. त्यांना पुरे उत्तर मिळावे म्हणून पहिली प्रत मी त्यांच्या घरी नेऊन देणार आहे.

जाफराबाद